गेथशेमानेच्या वाटेने: भीती घेरते तेव्हा विश्वासणाऱ्याने काय करावं

आपल्या मंडळ्यांमध्ये एक समज खोल रुजलेला आहे: ज्याचा विश्वास पक्का, त्याला भीती वाटत नाही. त्यामुळे होतं काय, की बायॉप्सीचा रिपोर्ट यायचा असलेली बाई रविवारी उपासनेला येते, ‘कशा आहात ताई?’ असं विचारलं की ‘प्रभूची कृपा आहे’ म्हणते आणि घरी जाऊन रात्रभर छताकडे बघत पडून राहते. तिच्या डोक्यावर दोन ओझी असतात. एक आजाराच्या भीतीचं. दुसरं, ‘मी घाबरले म्हणजे माझा विश्वासच कमी’ या अपराधीपणाचं.

हे दुसरं ओझं आधी उतरवू या. मार्काच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडा. वल्हांडणाचं भोजन आटोपून येशू शिष्यांना घेऊन जैतुनांच्या डोंगराकडे, गेथशेमाने नावाच्या जागी जातो. तिथे तो व्याकूळ होतो, अतिशय कष्टी होतो, आणि हे मनात ठेवत नाही. माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, असं आपल्या मित्रांना उघड सांगतो. लूक तर लिहितो, की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. ज्याच्या ठायी पाप नव्हतं त्या प्रभूची ही रात्र आहे. मग पोटात गोळा येणं, हात कापणं, झोप उडणं याला आपण पाप कसं म्हणणार?

मी या लेखात जो क्रम देणार आहे तो त्याच रात्रीचा आहे. येशूने त्या बागेत जे केलं, ज्या क्रमाने केलं, तेच आपण आपल्या छोट्या-मोठ्या भीतींच्या वेळी करून पाहायचं.

‘भिऊ नको’ याच्या पुढचं वाक्य

‘बायबलमध्ये भिऊ नका हे शब्द ३६५ वेळा आहेत, वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एक’ असं आपण व्यासपीठावरून किती तरी वेळा ऐकलंय. ऐकायला गोड वाटतं, पण मोजायला बसलं तर आकडा तिथवर पोचत नाही. त्या शब्दांचं बळ आकड्यात नाहीच. त्यांच्या पुढे काय येतं ते पाहा. बैर-शेब्यात इसहाकाला देव म्हणतो, भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे. मोशे गेल्यावर एकट्या पडलेल्या यहोशवाला म्हणतो, खंबीर हो, हिंमत धर, तू जाशील तिथे मी तुझ्याबरोबर आहे. यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात बंदिवासातल्या लोकांना तेच. करिंथात घाबरलेल्या पौलाला रात्रीच्या दृष्टान्तात तेच.

तुझं काहीच नुकसान होणार नाही, असं वचन प्रत्येकाला मिळालेलं नाही. सोबतीचं मात्र मिळालंय. तेविसावं स्तोत्रही दरी टाळून नेत नाही: ‘मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ ख्रिस्ती धैर्य उभं आहे ते या ‘कारण’ शब्दावर. म्हणून खाली जे काही सांगतोय ते भीती मारून टाकण्याचे उपाय नव्हेत. त्या सोबतीत टिकून राहण्याचे आहेत. भीती कधी त्यातच विरून जाते, कधी बरोबर चालत राहते.

सुरुवात करण्याआधी: ही भीती इशारा तर देत नाही?

काही भीती खरी असते आणि ती तुम्हाला वाचवायलाच आलेली असते. हेरोद बाळाच्या जिवावर उठला तेव्हा योसेफाने रात्रीच बायकोमुलाला घेऊन मिसर गाठला. शौलाच्या भाल्यासमोरून दावीद पळाला. दिमिष्कात पौलाला ठार मारायचा कट कळला तेव्हा शिष्यांनी त्याला पाटीत बसवून गावकुसावरून खाली सोडलं. यातल्या कोणालाही शास्त्र अविश्वासू म्हणत नाही.

तेव्हा घरात मारहाण होत असेल, कोणी धमकावत असेल, मुलांच्या जिवाला धोका असेल, तर ‘प्रार्थना करा, सहन करा’ हा सल्ला बाजूला ठेवा, मग तो कोणीही दिलेला असो. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर आहेत. प्रार्थना तिथे पोचूनही करता येते.

दुसरी तपासणी शरीराची. अचानक छाती धडधडते, श्वास पुरत नाही, आत्ता मरतो असं वाटतं. किंवा आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही. असं असेल तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर मानसिक त्रासासाठी मदत करते, तिथेही बोलता येतं. ‘गोळ्या घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं’ असं सांगणारे आपल्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे माणसं फार सोसतात. पौलाच्या प्रवासात वैद्य लूक त्याच्यासोबत होता. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तिथल्या माणसांनी प्रार्थना आणि औषध यांत कधी भांडण लावलं नाही. आपणही लावू नये. चालू असलेली औषधं कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

पायरी पहिली: भीतीचं नाव सांगा

येशू मोघम बोलला नाही. ‘जरा अस्वस्थ वाटतंय’ असं काही तो म्हणाला नाही. मरणाइतकं दुःख, असं त्याने सरळ सांगितलं.

आपली भीती बहुतेक वेळा ढगासारखी पसरलेली असते. तिला कडा द्यायच्या. एक साधी वही घ्या. मोबाइलवर नको, कारण मोबाइल हातात आला की त्या आजाराची माहिती शोधण्यात तासभर कधी जातो ते कळत नाही. वरच्या ओळीवर लिहा: ‘प्रभू, मला भीती वाटते की...’ आणि वाक्य पुरं करा. मग स्वतःला विचारा, ‘आणि तसं झालं तर?’ त्याचं उत्तर खाली लिहा. पुन्हा विचारा. असं तीन-चारदा केलं की तळ लागतो.

समजा, नोकरी जाण्याची भीती आहे. ‘मला भीती वाटते की पुढच्या महिन्यात कंपनी मला काढेल.’ तसं झालं तर? ‘घराचा हप्ता थकेल.’ मग? ‘गावी परत जावं लागेल.’ मग? ‘भावकीत तोंड दाखवता येणार नाही.’ आता पाहा, भीतीचं नाव बदललं. वर पैसा होता, तळाशी लाज निघाली. हप्त्यासाठी बँकेत बोलावं लागेल. लाजेसाठी देवाच्या मुलाचं मोल कशाने ठरतं हे नव्याने ऐकावं लागेल. दोन्ही कामं करायचीच आहेत, पण ती वेगवेगळी आहेत. नाव न घेता ‘प्रभू, शांती दे’ एवढंच म्हणत राहिलो तर हे लक्षातही येत नाही.

पायरी दुसरी: एकट्याने जाऊ नका

बारा शिष्य होते. त्यातला एक निघून गेला होता. उरलेल्यांपैकी पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना येशूने पुढे नेलं आणि त्यांच्याकडे एकच मागितलं: माझ्याबरोबर जागे राहा. सल्ला नको, उपदेश नको, नुसते जागे राहा. देवाच्या पुत्राला त्या रात्री माणसं जवळ हवी होती. आपण मात्र ‘उगाच कोणाला त्रास कशाला’ म्हणत दार लावून घेतो.

सगळ्या मंडळीला सांगायची गरज नाही. खरं तर सांगूच नका. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली घरातली गोष्ट गावभर होते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्याच धास्तीने लोक तोंड उघडत नाहीत. दोन किंवा तीन माणसं निवडा. ऐकलेलं पोटात ठेवणारी, लगेच वचनांचा भडिमार न करणारी, आणि शक्य असेल तर स्वतः अशा दरीतून गेलेली. भगिनी मंडळातली एखादी वडीलधारी मावशी असेल, पाळकसाहेब किंवा फादर असतील, लहानपणापासूनची मैत्रीण असेल.

त्यांना काय हवंय ते स्पष्ट सांगा. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ हे वाक्य आपल्याकडे इतकं झिजलंय, की ऐकणारा ‘हो, हो’ म्हणतो आणि विसरतो. त्याऐवजी म्हणा: ‘गुरुवारी अकरा वाजता रिपोर्ट मिळणार आहे. त्या वेळी तू माझ्यासाठी प्रार्थना करशील का? आणि बुधवारी रात्री नऊला एक फोन करशील?’ मदत करणाऱ्यालाही यामुळे बरं वाटतं, कारण नेमकं काय करायचं ते त्याला कळतं.

आजार मोठा असेल तर याकोबाच्या पत्रातली सूचना आहेच: मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. कॅथलिक कुटुंबांत हा संस्कार अगदी शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायची जुनी सवय अजून दिसते. तशी वाट पाहायचं कारण नाही. गंभीर आजारात किंवा मोठ्या ऑपरेशनच्या आधीही फादरना बोलावता येतं.

आणि एक ध्यानात ठेवा. ते तिघं झोपी गेले. माणसं कमी पडतात. तुम्ही निवडलेलं माणूसही एखाद दिवशी फोन करायला विसरेल. येशूने त्यांना टोकलं, पण सोडलं नाही, आणि पुन्हा प्रार्थनेला गेला.

पायरी तिसरी: तक्रारीसकट देवापुढे जा

आता प्रार्थना. इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडतं.

आपली प्रार्थनेची भाषा छापील असते. ‘हे स्वर्गीय पित्या, तुझे उपकार मानतो’ असं सुरू केलं, की भीतीने भरलेलं मन तोंडातल्या शब्दांशी जुळत नाही आणि प्रार्थना कोरडी होते. स्तोत्रकर्ते असं करत नव्हते. तेरावं स्तोत्र पाहा. अवघी सहा वचनं. पहिल्या दोनच वचनांत चार वेळा ‘कोठवर?’ असा प्रश्न आहे. कोठवर तू मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार? मग मागणी येते: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश दे. आणि अगदी शेवटी भरवसा: मी तुझ्या दयेवर विसंबलोय.

या तीन भागांवर स्वतःचं स्तोत्र लिहा. वहीच्या एका पानावर मावेल एवढंच.

पहिल्या भागात तक्रार. जशी वाटते तशी. ‘देवा, बाबांना नेलंस, आता आईच्या छातीत गाठ. तू कुठे आहेस?’ देव अशा बोलण्याने दुखावत नाही. ही भाषा त्यानेच आपल्या शास्त्रात जपून ठेवलीय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी भरवशाची ओळसुद्धा नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. दुसऱ्या भागात मागणी, आणि ती नेमकी. तिसऱ्या भागात भरवशाचं एक वाक्य, पण तुम्हाला आज खरंच म्हणता येईल तेवढंच. ‘तू माझा खडक आहेस’ हे आज तोंडातून निघत नसेल, तर ‘तू ऐकतोयस अशी माझी आशा आहे’ एवढं पुरे.

आणि घरच्या बोलीत लिहा. वसईत कादोडी बोलत असाल तर कादोडीत, खानदेशातले असाल तर अहिराणीत, कोकणातले असाल तर मालवणीत. आईशी ज्या बोलीत भांडलात त्याच बोलीत देवाशी बोला. येशूनेही त्या रात्री बापाला ‘अब्बा’ म्हणून हाक मारली, घरातल्या लेकरासारखी.

मोठ्याने केलेली प्रार्थना मनातल्या प्रार्थनेपेक्षा टिकते, हेही सांगून ठेवतो. मनातल्या मनात प्रार्थना करताना चार वाक्यांनंतर आपण पुन्हा काळजीच करत बसलेले असतो.

याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. २७ जानेवारी १९५६, अमेरिकेतलं मॉन्टगोमेरी शहर. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध चाललेल्या बहिष्काराचं नेतृत्व सत्तावीस वर्षांचे पाळक मार्टिन ल्यूथर किंग करत होते. रात्री उशिरा धमकीचा फोन आला. अशा फोनची सवय झाली होती, पण त्या रात्री त्यांचा धीर सुटला. बायको आणि तान्ही मुलगी झोपलेली. ते स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली, आणि या सगळ्यातून भित्रा न दिसता बाहेर कसं पडता येईल याचा विचार करत बसले. शेवटी टेबलावर डोकं टेकून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. मी खचलोय, माझ्याने आता एकट्याने होत नाही, हे त्यांनी देवाला सांगितलं. त्यानंतर त्यांना आतून जाणवलं ते इतकंच: न्यायासाठी उभा राहा, मी तुझ्याबरोबर आहे. तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. बायको आणि मुलगी वाचल्या. बाहेर चिडलेला, हत्यारं घेतलेला जमाव उभा होता. किंग यांनी त्या लोकांना शांत करून घरी पाठवलं. स्वयंपाकघरातल्या त्या प्रार्थनेने बॉम्ब टळला नाही. बॉम्ब पडल्यावर कसं उभं राहायचं ते बळ मात्र तिथे मिळालं होतं.

पायरी चौथी: तेच शब्द पुन्हा

मत्तय लिहितो, की येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तेच शब्द. मला यात मोठा दिलासा वाटतो. घाबरलेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत, आणि सुचायची गरजही नाही.

एकच छोटं वचन निवडा आणि महिनाभर तेच ठेवा. दहा वचनांचे कागद फ्रिजवर चिकटवून काही होत नाही. निवडायला मदत म्हणून सांगतो: रात्रीच्या भीतीसाठी तेविसाव्या स्तोत्रातलं ‘तू माझ्याबरोबर आहेस’. उद्याच्या काळजीसाठी पेत्राचं ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो’. माणसांच्या भीतीसाठी तीमथ्याला लिहिलेलं ‘देवाने आपल्याला भित्रेपणाचा नव्हे तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमनाचा आत्मा दिला आहे’.

मग ते श्वासाला जोडा. पाठ टेकून बसा. हळू श्वास आत घेताना मनात ‘तू माझ्याबरोबर आहेस’, त्याहून हळू बाहेर सोडताना ‘मी भिणार नाही’. पाच मिनिटं. सकाळी उठल्यावर आणि झोपण्याआधी. लांब सोडलेल्या श्वासाने धडधड उतरते हा शरीराचा धर्म आहे आणि शरीर देवानेच घडवलंय. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना शतकानुशतकं अशीच श्वासाबरोबर म्हणतात. रोझरी म्हणणाऱ्या आपल्या वसईच्या आजींनाही हे शिकवावं लागणार नाही.

भीती नसलेल्या दिवसांत हा सराव करा. ऑपरेशन थिएटरच्या दारात पहिल्यांदाच वचन आठवायला गेलात तर आठवणार नाही.

एक सावधगिरी. वचन म्हणजे ताईत नव्हे. दारावरचं लिंबू-मिरची काढून तिथे एक्याण्णवावं स्तोत्र लटकवलं आणि मनातली भीती तीच राहिली, तर फक्त वस्तू बदलली. करणीची, बाहेरच्या बाधेची धास्ती आपल्या कित्येक ख्रिस्ती घरांतही आहे, आणि उशाखाली बायबल ठेवून झोपणारे लोक मी पाहतो. झोपा, पण आधी ते उघडून वाचा. एक्याण्णवावं स्तोत्र मलाही फार प्रिय आहे. पण अरण्यात येशूच्या परीक्षेच्या वेळी सैतानाने वापरलं ते हेच स्तोत्र: मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूने ते वचन तसं वापरायला नकार दिला.

मधेच, शरीराबद्दल थोडं

ईजबेलीच्या भीतीने एलीया अरण्यात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला आधी काय दिलं? झोप. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. मग पुन्हा झोप, पुन्हा जेवण. बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेबावर झालं.

पौलाचं जहाज चौदा दिवस वादळात सापडलं होतं. जहाजावर २७६ माणसं, आणि कोणी धड जेवलेलं नाही. पौलाने सगळ्यांसमोर भाकर घेतली, देवाचे आभार मानले, मोडली आणि खायला लागला. तेव्हा सगळ्यांना धीर आला आणि तेही जेवले. जहाज फुटलं, माणसं सगळी किनाऱ्याला लागली.

तेव्हा भीतीच्या दिवसांत वेळेवर जेवा. भूक नसेल तर पेज प्या. संध्याकाळनंतर चहा बंद. रात्री बातम्या आणि व्हॉट्सॲप बंद. पहाटे जाग आली आणि झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळू नका. उठून बसा, दिवा मंद ठेवा, एक स्तोत्र हळू आवाजात वाचा. त्या वेळी कुठलाही निर्णय घेऊ नका आणि कोणाला मेसेज करू नका.

आणि गा. १७३६ च्या जानेवारीत अटलांटिकवरच्या वादळात जॉन वेस्ली यांच्या जहाजावर लाट आदळून मोठं शीड फाटलं. इंग्रज प्रवासी किंचाळू लागले, पण मोरावियन ख्रिस्ती मंडळी, बायकामुलांसह, आपलं स्तोत्र गातच राहिली. वेस्ली स्वतः धर्मगुरू, आणि मरणाला भ्यालेले. नंतर त्यांनी विचारलं, तुम्हाला भीती वाटली नाही का? नाही, आमच्या बायकामुलांनाही मरणाची भीती नाही, असं उत्तर मिळालं. वेस्ली यांना ते उत्तर पुढे कित्येक दिवस सोडेना. आपल्याकडे ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक आहे. नारायण वामन टिळकांची भजनं आहेत, अभंग-ओवीच्या चालीवर वाढलेल्या मराठी माणसाच्या तोंडी सहज बसणारी. भांडी घासताना, गाडी चालवताना गा. सूर कसा लागतो ते महत्त्वाचं नाही.

पायरी पाचवी: ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको’

ही सगळ्यात अवघड पायरी. ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असं येशूने आधी मागितलं. ते मागणं खरं होतं. त्यानंतरच ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’. आपण दोन्हीकडून चुकतो. काही जण मागतच नाहीत, ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ म्हणून हात टेकतात. त्याला नशिबावर सोडणं म्हणतात, विश्वास नव्हे. काही जण मागणीवरच अडून बसतात, आणि रिपोर्ट वाईट आला की देवाशी नातंच तुटतं.

इब्री लोकांस पत्रात लिहिलंय, की त्याने आक्रोश करत, अश्रू ढाळत प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली. तरी वधस्तंभ टळला नाही. ऐकणं आणि टाळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी स्वतःला वारंवार सांगतो. त्या ऐकण्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी उघड्या कबरीत दिसलं.

करायचं काय? वहीतलं ते भीतीचं वाक्य पुन्हा काढा. दोन्ही हात मुठी आवळून मांडीवर ठेवा आणि मागणी मोठ्याने वाचा. मग मुठी उघडा, तळवे वर करा आणि म्हणा, ‘हे तुझ्या हाती. आजच्या पुरतं.’ आजच्या पुरतं हे शब्द महत्त्वाचे आहेत. आयुष्यभराचं समर्पण घाबरलेल्या माणसाला झेपत नाही. ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ असं प्रभूच म्हणाला आहे. उद्या पुन्हा मुठी आवळलेल्या सापडतील, उद्या पुन्हा उघडा.

पायरी सहावी: ‘उठा, आपण जाऊ’

बागेतली प्रार्थना या वाक्यावर संपते. मशाली जवळ येत होत्या आणि येशू त्यांच्या दिशेने निघाला. शांतता आधी पूर्ण मिळेल, मग पाऊल टाकू, असं म्हणत बसलो तर पाऊल कधीच पडत नाही. बळ बरेचदा चालायला लागल्यावर येतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला या पायरीवर आठवतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी वडील, आई आणि मोठी बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला. भूक म्हणजे काय हे त्यांनी पोटाने सोसलं होतं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात पुन्हा मोठा दुष्काळ पडला. जुन्या जखमेकडे पाठ फिरवायला त्यांच्याकडे हवं ते कारण होतं. त्या तिथे गेल्या. उपाशी, निराधार मुलींना त्यांनी शेकड्यांनी सोबत आणलं आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं. त्या मुक्ती मिशनचं काम आजही सुरू आहे. ज्या गोष्टीने आपल्याला मोडलं तिच्याच दिशेने, दुसऱ्या कोणासाठी, त्या चालत गेल्या. योहान म्हणतो की पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते. ते घडतं कसं, हे रमाबाईंकडे पाहिलं की थोडं समजतं: प्रीतीला काम असतं, आणि त्या कामात माणूस स्वतःच्या भीतीकडे पाहायचं विसरतो.

तुमचं पाऊल केडगावएवढं मोठं असायला नको. पहिल्या पायरीत काढलेली यादी घ्या. त्यातलं आपल्या हातात काय आहे त्यावर खूण करा. त्यातलं सगळ्यात लहान काम आज, प्रार्थनेनंतर लगेच करा. बँकेला फोन. डॉक्टरांची वेळ घेणं. परीक्षेचा पहिला धडा उघडणं. भावाशी अबोला असेल तर ‘कसा आहेस’ एवढा मेसेज. विम्याचे कागद एका फाइलमध्ये लावणं. काम आटोपलं की वहीत तारीख घालून लिहा आणि देवाचे आभार माना. फिलिप्पैकरांस पत्रात मागणी ‘आभारप्रदर्शनासह’ कळवायला सांगितलंय. हे आभार मोठ्या चमत्कारासाठी राखून ठेवायचे नसतात.

भीती परत आली तर

येईल. पौलासारखा माणूस करिंथकरांना मोकळेपणाने लिहितो, की मासेदोनियात आम्ही चहूकडून गांजलो होतो, बाहेर लढाया आणि आत भीती. त्याच्या पुढचंच वाक्य असं, की खचलेल्यांना धीर देणाऱ्या देवाने तीताच्या येण्याने आम्हाला धीर दिला. एक मित्र दारात आला, आणि पौलाला त्यात देव दिसला. तेव्हा भीती परतली की वही उघडा, पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करा, ‘माझं काही खरं नाही’ असं म्हणू नका.

दुसऱ्याच्या भीतीपाशी बसताना

हे सगळं शिकलेल्या माणसावर एक जबाबदारी येते. मंडळीत कोणी घाबरलेलं असेल तर त्याचा तीत तुम्ही व्हायचं आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. बोलायला लागले आणि त्याचं दुःख वाढवलं.

‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य रिपोर्टच्या दिवशी उच्चारू नका. ‘तुमच्या जीवनात काही पाप आहे का ते तपासा’ हे तर कधीच नको. मुलं घाबरलेली असतील तर ‘घाबरायचं नाही, तू ख्रिस्ती आहेस ना’ असं दटावू नका. त्यांना वादळातल्या तारवाची गोष्ट सांगा, आणि शिष्यांनी झोपलेल्या येशूला ओरडून उठवलं होतं हेही सांगा. तू पण उठवू शकतोस, म्हणावं. मग दोघांनी मिळून त्याला हाक मारा.

मोठ्यांच्या घरी जाताना डबा न्या. थोडा वेळ बसा. प्रार्थना करू का, असं विचारा. हो म्हणाले तर छोटी करा, त्यांच्या भीतीचं नाव घेऊन करा. निघताना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, घाबरलेला माणूस सांगत नाही. विचारा: ‘गुरुवारी हॉस्पिटलला किती वाजता निघायचं? मी साडेनऊला रिक्षा घेऊन येतो.’